अडीच सुती पाना

माझ्याकडे एक इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स कार आहे. हे वाक्य मी अंबडच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी चष्मा काढून विचारलं, "चालू आहे का?" मी म्हटलं, "मधून मधून." त्यांनी चष्मा परत लावला आणि पेपर वाचायला घेतला. याला बरीच वर्षं झाली. त्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दोन दारं, दोन सीटा, लांबलचक नाक, वर कापडी छप्पर. कुण्या चहामळ्याच्या साहेबाने ती विलायतेहून आणली, त्याच्याकडून हैदराबादच्या एका डॉक्टरांकडे गेली, आणि डॉक्टरांच्या नातवाला पार्किंगची जागा हवी होती म्हणून माझ्याकडे आली. बनवणाऱ्याचं नाव सांगत नाही. त्यांचा कारखाना केव्हाच बंद पडला, आणि दिवंगतांबद्दल वाईट बोलू नये असं घरी शिकवलंय.

पन्नाशीला आलेला माणूस प्लॉट घेतो, नाहीतर चहातली साखर बंद करतो. मी दोन्ही केलं नाही. लहानपणी जालन्यात, मस्तगडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कटिंगचं दुकान होतं, तिथल्या भिंतीवर वर्षानुवर्षं एकच जुनं कॅलेंडर लटकलेलं असायचं. त्यात अशीच एक गाडी आणि गाडीत गॉगल लावलेला एक गोरा माणूस. डोक्यावरून मशीन फिरत असताना मान वाकवून मी ते चित्र डोळे वर करून पाहायचो. तेवढंच कारण. बायकोने कारण विचारलं तेव्हा मी गुंतवणूक, वारसा, इंजिनिअरिंग असं काहीबाही बोललो. ती शाळेत गणित शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हौस."

गाडी जालन्यात आली आणि मी एका रात्रीत प्रसिद्ध झालो. सिग्नलला थांबलो की माणसं येऊन तिला हात लावायची, बोनेटवर थाप मारायची आणि मग न चुकता विचारायची, "अॅव्हरेज किती देती?" मी खरा आकडा सांगितला की सगळे हळहळायचे. दुसरा प्रश्न लग्नाचा. एका गृहस्थांना मुलाच्या वरातीसाठी गाडी हवी होती. त्यांनी आत डोकावून पाहिलं, बोटं मोजली आणि म्हणाले, "नवरदेव एक, डायवर दोन. मंग करवली कुठं बसंल?" मी म्हटलं, डिकीत. ते रागावून निघून गेले.

नवं वाहन घेतलं की आमच्याकडे राजूरच्या गणपतीला न्यायचं. नवं म्हणजे आपल्याला नवं. बायको काठापदराची साडी नेसून, मांडीवर पूजेचं ताट घेऊन बसली. गाडीचं पोट रस्त्यापासून वीतभरही उंच नाही, हे मला माहीत होतं. राजूरच्या रस्त्यावर गावागणिक किती गतिरोधक आहेत हे मात्र मी कधी मोजलं नव्हतं, कारण त्याआधी मी नेहमी माणसांच्या गाडीतून जायचो. पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला आणि सायलेन्सर अर्धवट लोंबायला लागला. तो तारेने बांधला. मग असं ठरलं की प्रत्येक गतिरोधकाला एकाने उतरायचं, म्हणजे गाडी दोन बोटं वर उचलली जाते. ड्रायव्हर उतरू शकत नाही, हे ओघानेच आलं.

ती उतरायची, ताट हातात घेऊन चालत पलीकडे जायची, मी तिरकी करून गाडी काढायचो, ती परत बसायची. तिसऱ्या का चौथ्या गावात एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली आणि अगदी आपुलकीने तिला म्हणाला, "भांडण झालं का हो बाई? बसा, मी सोडतो." माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. राजूरला पूजा व्यवस्थित झाली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि गाडी चालूच होईना. दर्शनाच्या रांगेतली सात-आठ माणसं रांग सोडून ढकलायला आली. परत येताना बायको म्हणाली, "निम्मी वाट मी चालत आले. पुण्य माझं, गाडी तुमची." आणि ती खूप हसली. ती हसली म्हणून गाडी राहिली. नाहीतर त्याच आठवड्यात गेली असती.

गाडीची तक्रार एवढी सांगतोय तर दुसरी बाजूही सांगायला हवी. वकील असलो तरी. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर, छप्पर खाली करून, जालन्याहून अंबडला निघावं. शेतांवर धुकं असतं, तुरीला फुलं आलेली असतात, आणि त्या इंजिनाचा आवाज पायाच्या तळव्यातून वर येतो. त्या वेळी माझ्या मनात एकही केस नसते. मी गातो. मला गाता येत नाही, पण ऐकायला कोण असतं? तो अर्धा-पाऊण तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वेळ असायचा, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. कोर्टात पोहोचेपर्यंत नाकातोंडात धूळ आणि काळ्या कोटावर पांढरी माती. पट्टेवाला म्हणायचा, "साहेब, जमीन मोजून आले का?"

आणि मग एके दिवशी, अंबडच्या अलीकडे, ती बंद पडली. अगदीच बंद. बोनेटमधून वाफ. एका ट्रॅक्टरने ओढून गॅरेजपर्यंत नेली. गॅरेजवाला तरुण आणि हुशार होता. त्याने पान्यांचा अख्खा सेट काढला आणि इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या एका बोल्टवर एकेक लावून पाहायला लागला. दहा मिनिटांनी घाम पुसत म्हणाला, "साहेब, पंधराचा बसत न्हाई आन् सोळाचा नुस्ता फिरतो. हे काय भलतंच हाये?" मग जरा विचार करून त्याने सांगितलं, "ऑइल इंजिनवाल्या मिस्तरीला दाखवा. ते लई जुने हायेत. त्यांच्याकडं असले पाने असतेत."

मिस्तरी बाजारामागच्या गल्लीत राहायचे. पंचाहत्तरी पार केलेले, अंगात पांढरा सदरा आणि पायजमा, डोक्यावर टोपी, कानात अत्तराच्या बोळ्यासारखी खोचलेली विडी. विहिरींवरची डिझेलची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. तालुक्यातली अशी विहीर नसेल जिच्यात ते उतरले नाहीत. मग विजेच्या मोटारी आल्या, बोअर आले, पाण्यातच बुडून राहणारे पंप आले, आणि इंजिनं भंगारात निघाली. जालन्याच्या भट्ट्यांनी ती वितळवली. मिस्तरींनी हाताने बसवलेली कित्येक इंजिनं आज कुणाकुणाच्या स्लॅबमध्ये सळई होऊन पडली आहेत. त्यांचा मुलगा पुढच्याच खोलीत त्या बुडणाऱ्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवतो. त्याचं उत्तम चाललं होतं. मिस्तरींना मात्र दहा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

ते गॅरेजवर आले आणि गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहून उपयोग नव्हता. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बऱ्यापैकी झालं होतं, त्याने अंधुक दिसायचं; दुसऱ्याचं नीट झालं नव्हतं. त्यांनी हात आत घातला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं पेर त्या बोल्टच्या डोक्यावरून फिरवलं.

"अडीच सुती," ते म्हणाले.

मुलाने घरून लाकडी पेटी आणून दिली होती. त्यातून त्यांनी न बघता एक काळा पाना काढला, लावला, आणि बोल्ट लोण्यासारखा सुटला. गॅरेजवाल्या पोराने तोंडात बोट घातलं. मी पण घातलं असतं, पण बोटाला ग्रीस होतं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा; आणि जुन्या इंग्रजी पान्याचं माप बोल्टच्या दांड्यावरून धरतात, डोक्यावरून नाही. गवंडी, सुतार आपल्याकडे अजून त्यातच मोजतात. ती ऑइल इंजिनं जुन्या इंग्रजी नमुन्यावर बनलेली, तेच माप, तेच आटे. माझी गाडी त्याच काळातली आणि त्याच देशातली. म्हणजे ज्या गाडीसाठी मी पुण्या-मुंबईत माणसं शोधत होतो तिची भाषा अंबडच्या बाजारामागे एक म्हातारा बोलत होता. आमचं दोघांचं सूत जुळलं ते असं. शब्दशः.

पुढची चार वर्षं गाडी त्यांनी सांभाळली. कार्ब्युरेटरमध्ये ते शिलाई मशीनचं तेल घालायचे, पंपाचं पॅकिंग पोस्टकार्डाच्या जाड कागदाचं कापायचे. एकदा पेट्रोल पंपावरच्या माणसाने नवी बॅटरी सगळं जग बसवतं तशी बसवली. माझ्या गाडीत मात्र प्लसची बाजू बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे डायनॅमोतून धूर निघाला. मिस्तरींनी तो धूर हुंगला आणि म्हणाले, "इंग्रजाचं सगळंच उलटं." मी विचारलं, "मिस्तरी, न बघता तुम्हाला माप कसं कळतं?" तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं:

"इंजिन खाली विहिरीत ऱ्हायचं, वकीलसाहेब. निम्म्यात कप्पा खोदेल आसायचा, त्याच्यात. उजेड न्हाई बिलकुल. एका हातानं धरून लोंबायचं आन् एका हातानं काम. कंदील कोणत्या हातात धराव? मंग अंगठ्यालाच डोळा फुटला."

मुलाला त्यांनी हे काम करणं आवडत नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो. म्हाताऱ्या बापाचा हात फॅनमध्ये जाईल ही भीती मलाही वाटायची. एकदा बापलेकांची माझ्यासमोरच जुंपली. मुलगा म्हणाला, "बापू, डोळे गेले तुमचे, आता बसा की घरी." मिस्तरी शांतपणे म्हणाले, "डोळे गेले, आंगठा हाये ना? ज्या दिवशी आंगठा चुकंल त्या दिवशी मी आपूनच हात धुतो. मंग तू पाने भंगारात दे, मी हूं का चूं करणार न्हाई." मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही साक्षीदार." मी हसत मान डोलावली.

आता माझ्या हलकटपणाकडे येतो.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणीतरी मला त्यात घेतलं. सगळी मोठी माणसं. त्यांच्या गाड्यांना स्वतःच्या खोल्या आहेत. कुणीतरी विचारलं, तुमची गाडी कोण बघतं? मी "एक ऑइल इंजिनचे मिस्तरी" असं लिहिलं आणि पाठवण्याआधी खोडलं. "लोकल माणूस आहे" असं पाठवलं. त्यावर तीन जणांनी एकाच तज्ज्ञाचा नंबर दिला. त्यातच संभाजीनगरला जुन्या गाड्यांचा मेळावा जाहीर झाला. पंप किंचित गळत होता. मिस्तरी म्हणाले, "पंधरा दिवस थांबा, पॅकिंग करतो, डोळ्यात औषध चालू हाये." मला थांबायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मेळाव्यात कुणी बोनेट उघडलं तर आत पोस्टकार्ड दिसू नये, अशी माझी इच्छा होती.

मी गाडी ट्रकवर चढवून गुपचूप तज्ज्ञाकडे पाठवली. मिस्तरींना सांगितलं, पाहुण्यांकडे लग्न आहे, गाडी तिकडे आहे. तज्ज्ञाने ती लखलखीत करून परत पाठवली. पंपाचे, समोरच्या झाकणाचे, सगळे जुने बोल्ट काढून, आटे नव्याने पाडून त्याने स्टेनलेसचे चकचकीत नवे बोल्ट घातले होते. मिलिमीटरचे. "आता कुठल्याही गॅरेजमध्ये काम होईल सर," तो फोनवर म्हणाला. जुने बोल्ट कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, ते गंजके? टाकून दिले.

मेळाव्यात परीक्षकांनी बोनेट उघडलं, विजेरी लावून आत पाहिलं आणि माझे गुण कापले. बोल्ट मूळचे नाहीत म्हणून. चार वर्षं मूळचे बोल्ट मूळच्या पान्याने सांभाळणारा माणूस मी लपवला होता, आणि शिक्षा झाली ती नेमकी त्याच्याबद्दल. परतीच्या वाटेवर पंप पूर्वीपेक्षा जास्त गळायला लागला. जबरदस्तीने पाडलेले आटे ते. त्याच आठवड्यात अंबडला कोर्टासमोर पोहोचेपर्यंत रेडिएटर रिकामा झाला होता, आणि मी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, मिस्तरींना निरोप पाठवला.

ते आले. मुलगा पेटी घेऊन बरोबर होता. दुपारची वेळ, कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली गाडी उभी. पक्षकार, टायपिस्ट, दोन-चार वकील सवयीने भोवती जमले. मिस्तरींचा अंगठा बघायला माणसं जमायचीच. मी त्यांना सांगायला हवं होतं. पहिलं वाक्य तेच असायला हवं होतं. मला वाटलं, गर्दी पांगू दे, मग सांगू.

त्यांनी डोळे मिटले, हात आत घातला, पंपाच्या बोल्टवर अंगठा ठेवला. नेहमी लगेच आकडा यायचा. या वेळी आला नाही. त्यांनी अंगठा उचलला, सदऱ्याला पुसला, परत ठेवला. मग हळूच म्हणाले, "दोन सुती?" प्रश्न विचारल्यासारखं. मुलाने दोन सुती पाना दिला. तो बसला, पण जोर देताच बोल्टच्या डोक्यावरून सटकन फिरला आणि त्यांची बोटं रेडिएटरवर आपटली. रक्त आलं. त्यांनी अडीचचा मागितला. तो तर नुसताच गरगर फिरला. परत दोनचा. परत सटकला. त्यांनी डोळे उघडले आणि चांगला डोळा बोल्टच्या अगदी जवळ नेला, पण तिथं त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं.

"हितं तर अडीच सुतीच होता," ते स्वतःशीच म्हणाले. "चार वर्सं अडीचच लावला मी."

मी शेजारी उभा होतो. एका हाताच्या अंतरावर. मला एवढंच म्हणायचं होतं, मिस्तरी, तुमचा अंगठा बरोबर आहे, बोल्ट मी बदललेत. आठ-दहा शब्द. रोज त्याच आवारात मी तासन्‌तास बोलतो, विनाकारण बोलतो, बोलायचे पैसे घेतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. सगळे वकील बघत होते, आणि मी पकडला जाणार होतो.

मिस्तरींनी पाना पुसून पेटीत ठेवला. नळावर जाऊन हात धुतले, पंजे, मनगटं, कोपरापर्यंत, अगदी सावकाश. मग मुलाला म्हणाले, "चाल. आंगठा गेला." आणि माझ्याकडे वळून, "माफ करा, वकीलसाहेब. तुमचा टाइम खराब केला."

ते माझी माफी मागून गेले.

मी स्वतःकडूनच तारीख घेतली. उद्या जाऊन सांगू. उद्या साक्षीपुरावा होता, परवा दुसऱ्या तालुक्याला जावं लागलं, तेरवा रविवार. गाडी ओढून घरी आणली होती, ती दारात उभी होती आणि मी बाहेर जाताना तिच्याकडे पाहत नव्हतो. चौथ्या दिवशी सकाळी मिस्तरींच्या मुलाचा फोन आला. आवाज समाधानाचा होता. "बरं झालं साहेब, बापूंनी आपूनच सोडलं. आता गुमान घरी बसून राह्यलेत. जेवत न्हाईत नीट, पण व्हईल सवय. ती पेटी काढली हाये भंगारला, दुपारी गाडी येती. तुम्हाला एखादा पाना ठेवायचा का आठवण म्हणून?"

फोन ठेवला. बायको डबा भरत होती. मी तिला सगळं सांगितलं, मेळाव्यापासून. ती डबा भरायची थांबली. मला वाटलं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "चार दिवस तुम्हाला झोप लागली?" लागली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

दारातल्या गाडीचं बोनेट उघडलं आणि पंपाचा एक चकचकीत बोल्ट तेराच्या पान्याने काढला. तो खिशात टाकून मी एसटी पकडली. जालना ते अंबड मी खिशात हात घालून तो बोल्ट धरून बसलो होतो. माझ्या अंगठ्याला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

मिस्तरी अंगणात खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. पाने एका पोत्यात भरून दाराशी ठेवले होते. रिकामी पेटी बाजूला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आता कशाला, साहेब," ते म्हणाले. "मला वळखू येत न्हाई."

"एकदा बघा," मी म्हटलं.

त्यांनी नाइलाजाने अंगठा फिरवला. एकदा. मग थांबून परत. मग बोटाचं नख आट्यांवरून वरपासून खालपर्यंत ओढलं, मोजल्यासारखं. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ह्याला सूतच न्हाई," ते म्हणाले. "ह्यो आपला न्हाई. ह्यो मिलिमीटरचा हाये." मग त्यांनी विचारलं, "कवा बदलले?"

"मेळाव्याच्या आधी. दुसऱ्याकडून."

"म्हंजी लग्न नव्हतं."

"नव्हतं."

"आन् त्या दिवशी मी पाना लावू राह्यलो तवा तुम्हाला ठाव होतं."

मी हो म्हटलं.

त्यांनी मुलाला हाक मारली. तो दुकानातून हातातलं काम टाकून आला, मागून त्यांची सून दारात आली. मिस्तरी मला म्हणाले, "याला सांगा. मोठ्यानं सांगा, तिलाही आयकू येऊ द्या." मी उठून उभा राहिलो. का कोण जाणे, हात मागे बांधले गेले. मी सांगितलं, की बोल्ट मी बदलून घेतले होते, तुमच्या वडिलांपासून लपवून. अंगठा चुकला नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. मुलाने माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. तो खाली बसला आणि पोतं सोडून एकेक पाना काढून पेटीत परत लावायला लागला. सून आत गेली आणि भांड्यांचा आवाज आला. ताट वाढत असावी.

मिस्तरींनी बोल्ट माझ्या हातात परत दिला. माझ्या डोळ्यात पाणी होतं, त्यांना ते दिसत नव्हतं, आणि मला त्याचं बरं वाटलं, याचीही लाज वाटली. मी म्हटलं, "मिस्तरी, रागवा माझ्यावर. काहीतरी बोला."

"राग न्हाई," ते म्हणाले. "चार दिवस मला वाटलं आपून खोटे झालो. आता कळलं, आंगठा खराच हाये. तुमचं तेवढं वाईट वाटलं."